चार कमानींचा पूल

टोपीवर हिरव्या धाग्याने भरलेला एक पूल होता आणि त्याला चार कमानी होत्या. केनानने त्या आधी डावीकडून मोजल्या, मग उजवीकडून. चारच भरल्या. सहा आठवड्यांपूर्वी जर्मनीतल्या फुटबॉल क्लबचं जे पत्र आलं होतं, त्याच्या माथ्यावरच्या पुलाला तीन कमानी होत्या.

"रेशोकाका," तो हळूच म्हणाला, "ही टोपी कुठून आणलीस?"

"मागवली. थेट जर्मनीहून." काका निखाऱ्यावरचे चेवापी कबाब उलटत होता. "का, लहान होतेय?"

"ही मला बोलावणाऱ्या क्लबची नाही. नदीपलीकडच्या क्लबची आहे."

"पूल तर तोच आहे!"

"पूल तोच. पण यांच्या चिन्हात तीन कमानी आणि त्यांच्या चिन्हात चार. त्या दोन गावांचं शंभर वर्षांत एकदाही पटलेलं नाही."

काकाचा चिमटा हवेतच राहिला. "मेलो! मी सकाळीच फोटो टाकलाय. 'आमचा केनान कोणती टोपी उचलणार?' म्हणून." त्याने घाईघाईने फोन काढला. "सहाशे जणांनी काहीतरी लिहिलंय. साफेत, वाच रे हे, तुला त्यांची भाषा येते."

केनानच्या बाबांनी चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला आणि शांतपणे खाली ठेवला. "झुमरा इथे बसलीय. मी वाचणार नाही."

"वाचा की," झुमरा, म्हणजे केनानची आई, म्हणाली. "सेंट लुईसमध्ये पंचवीस वर्षं बस चालवतेय मी. नवीन शिवी ऐकून बरं वाटेल."

ग्रॅव्हॉय रस्त्यावरच्या काकाच्या खानावळीत त्या रविवारी दुपारी चाळीस माणसं दाटीवाटीने बसली होती. हा सगळा घाट काकाचाच. इथल्या शाळांतली मुलं कोणत्या कॉलेजकडून खेळणार ते असंच जाहीर करतात: टेबलावर टोप्या मांडायच्या, एक उचलून डोक्यावर चढवायची, की टाळ्या. जर्मनीत फुटबॉल खेळणारं कुणी असं करत नाही, पण हे काकाला सांगणार कोण? टोपी चढवल्याशिवाय अमेरिकेत कुठलीच गोष्ट पक्की होत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

उत्तर द्यायची मुदत सोमवारपर्यंत होती. केनान सध्या ज्याच्याकडून खेळत होता, त्या शहराच्या क्लबने त्याला पहिल्या संघात तीन वर्षं देऊ केली होती, दर सामन्याला सुरुवातीपासून मैदानात. जर्मनांनी पहिलं वर्ष दुसऱ्या संघात काढायला सांगितलं होतं आणि पुढचं पुढे बघू म्हटलं होतं. अठरा वर्षांच्या केनानने दोघांनाही एकच उत्तर दिलं होतं: विचार करतोय. खरं तर विचार पुढे सरकतच नव्हता. लहानपणापासून तो काकाच्या तोंडून ऐकत आला होता, की युद्धातून पळून हे दोघे भाऊ जर्मनीत राहिले, तिथल्या मुलांच्या संघात साफेत म्हणजे हिरा होता, आणि तिथे राहण्याचा परवाना संपल्याचं पत्र आलं नसतं तर आज त्याचा पुतळा असता. आपण जातो म्हटलं तर ते आपण म्हटलं की बाबांनी? आणि राहतो म्हटलं तर बाबांची संधी दुसऱ्यांदा गेली. काहीही बोललं तरी आवाज आपला असेल याची त्याला खात्री नव्हती.

शहराच्या क्लबचे प्रशिक्षक हेन्ली कोपऱ्यात बसून तिसरी प्लेट संपवत होते. त्यांनी बोट वर केलं. "मला कळलं ते असं: टेबलावर आता एकच टोपी उरली आहे. मला निकाल मान्य आहे."

हशा पिकला. केनानही हसला. "ती चार कमानींची चढवून तिकडे उतरलो, तर विमानतळावरूनच परत पाठवतील."

हसणं मध्येच तुटलं. काकाने चिमटा खाली ठेवला. "परत पाठवण्यात ते तरबेजच आहेत. या माझ्या भावाला पाठवलं नसतं, तर—"

"रेशो, बास," बाबा म्हणाले.

"का बास? त्या वर्षी एकोणीस गोल! पंधरा वर्षांचं पोर!"

"चाळीस मिनिटं," बाबा म्हणाले. "त्या अख्ख्या वर्षात मी चाळीस मिनिटं खेळलो. बाकी सगळा वेळ बाकावर."

काकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "पण तू तर मला रोज सांगायचास…"

"तू कारखान्यातून यायचास तेव्हा तुला जेवायचंही त्राण नसायचं. मी एखादा गोल सांगितला की दोन घास जास्त खायचास. मग मी सांगत गेलो."

"म्हणजे एकोणीसच्या एकोणीस…?"

"एकदा चेंडू खांबाला लागला होता."

आधी झुमरा हसली, मग हेन्ली, आणि मग सगळी खानावळ. काका दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता. "सत्तावीस वर्षं मी सगळ्या शहराला सांगत फिरलो! गाढवा, निदान एक तरी मारायचास!"

बाबा केनानकडे वळले. "माझं तिथे काही राहिलेलं नाही. तू पुरं करावंस असं काहीच नाही. इथे राहिलास तरी मी तुझा प्रत्येक सामना बघीन, गेलास तरी बघीन. हे मी आधीच सांगायला हवं होतं. लाज वाटत होती."

केनानने विचारलं, "कशी होती ती चाळीस मिनिटं?"

बाबांनी खरोखर आठवून पाहिलं. "चेंडू फार वेगाने यायचा. आपण काय करायचं ते तो येण्याआधीच ठरवून ठेवावं लागायचं. मला ते जमायचं नाही." त्यांनी चष्मा काढला. "पण मजा होती."

केनानला कालचा गोल आठवला. कॅन्सस सिटीविरुद्ध अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू त्याच्याकडे आला, त्याने तो थांबवला, मान वर करून पाहिलं, पुन्हा एकदा पायाखाली सरळ केला आणि मग मारला. एवढा सगळा वेळ त्याला मिळाला होता. वीस हजार लोक उभे राहून त्याचं नाव घेत होते आणि त्याच्या मनात एक लहानसा, स्पष्ट विचार आला होता: हे सोपं गेलं. हा विचार त्याने कुणालाच सांगितला नव्हता. त्यात बाबा नव्हते, काका नव्हता, कुठलंही पत्र नव्हतं. तो पूर्णपणे त्याचा होता.

तो खुर्चीवर चढला. हेन्लींनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काटा खाली ठेवला, आणि सुस्कारा टाकून सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

"मी जातोय," केनान म्हणाला. मग मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू जावं म्हणून पुन्हा, पोटातून आवाज काढून, "मी जर्मनीला जातोय!"