सहाव्या तासाची पाटी

मित्रांनो, शाळेत सर्वांत जास्त बोलणी कोण खातो, असे कोणी विचारले तर तुम्ही हेडमास्तरांचे नाव घ्याल, नाहीतर घंटा वाजवणाऱ्या शिपायाचे. माझे नाव कोणालाच सुचणार नाही. मी शाळेच्या वेळापत्रकाचा जुना लाकडी फळा. आजच्या छत्रपती संभाजीनगरला सगळे औरंगाबाद म्हणत, तेव्हापासूनचा. दर जूनमध्ये एकेक शिक्षक माझ्यासमोर येऊन कुरकुरायचा, "दरवर्षी माझाच तास शेवटी कसा?" आणि जाताना माझ्याकडे असे बघायचा, की जणू सगळा कट मीच रचला होता. मी मुकाट ऐकून घ्यायचो. फळ्याला दुसरे काय करता येते?

माझा जन्म पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातला. निजामाचे राज्य जाऊन काही महिनेच झाले होते आणि शाळेत कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. उर्दूत चालणारे वर्ग मराठीत सुरू व्हायचे होते, जुम्म्याची सुट्टी जाऊन रविवारची आली होती, आणि कोणत्या तासाला कोण कुठे शिकवतो हे विचारायची सोय नव्हती. तेव्हा शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या हैदर मिस्त्रींनी एका मोडक्या कपाटाची सागवानी दारे जोडून मला तयार केले. आडव्या ओळी वर्गांच्या, उभ्या ओळी तासांच्या. प्रत्येक चौकोनात दोन खिळे, एक मुलांचा आणि एक मुलींचा. खिळ्यावर टांगायला तळहाताएवढ्या पाट्या. पाटीच्या एका बाजूला विषयाचे नाव मराठीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत. ज्याला जे वाचता येईल ते त्याने वाचावे.

पाट्या लावायचे काम गयास मास्तरांकडे होते. ते गणित शिकवायचे. आयुष्यभर उर्दूत शिकवलेले गणित त्यांनी चाळिशीत मराठीतून नव्याने पाठ केले. तरी घाईत त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हणून जायचे आणि मग वर्ग हसायच्या आधी स्वतःच हसायचे. माणूस फार अदबीचा. वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवणे सोडाच, खोकला आला तरी बाहेर जाऊन खोकून यायचे. या अदबीनेच पुढे सगळा घोटाळा केला.

मला हेडमास्तर तात्यासाहेबांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर टांगले होते. तात्यासाहेब कडक होते, पण मनाने सरळ. पहाटे चारला उठायचे, सगळ्यांच्या आधी शाळेत यायचे. त्यामुळे मधल्या सुट्टीत डबा खाल्ला की सहाव्या तासाला त्यांचा डोळा लागायचा. खोलीच्या मागेच सुतारकामाची पत्र्याची शेड होती. पहिल्या वर्षी नववीच्या मुलांचे सुतारकाम नेमके सहाव्या तासाला होते. तात्यासाहेब एकदाच म्हणाले, "मास्तर, ही ठोकाठोक सकाळी नाही का उरकता येणार?" गयास मास्तरांनी त्याच संध्याकाळी दोन पाट्यांची अदलाबदल केली. सुतारकाम दुसऱ्या तासाला गेले आणि दुसऱ्या तासाचे बीजगणित-भूमिती सहाव्याला आले.

आता नववीच्या ओळीत काय झाले ते नीट बघा. दुसऱ्या तासाला मुले सुतारकामाला जायची आणि मुली नुसते वाचन करत बसायच्या. सहाव्या तासाला मुलांना बीजगणित-भूमिती आणि त्याच वेळी मुलींना गृहशास्त्र. बाकीच्या पाट्या दरवर्षी हलल्या, या कधीच हलल्या नाहीत. मला त्याचा अभिमानच वाटायचा. सगळ्या फळ्यावर याच तेवढ्या पक्क्या, असे मी मनात म्हणायचो. आठवी पास झालेली मुले-मुली नववीचे विषय निवडायला येत, माझ्याकडे बघत आणि अर्ज भरत. हळूहळू सगळ्यांनीच धरून चालले, की मुलींना बीजगणित-भूमिती नसते. ते नसले की मॅट्रिकनंतर विज्ञान शाखेचे दार बंद. पण तेवढा पुढचा विचार कोण करतो? मीही केला नाही.

अशी चौदा वर्षे गेली. मग १९६३ च्या जूनमध्ये हर्सूलची मनकर्णा आपल्या वडिलांना घेऊन तात्यासाहेबांच्या खोलीत आली. वडिलांचे नाव फकिरा. तो मोजणी खात्यात साखळी ओढायचे काम करायचा. त्या दिवशी पाच वाजता विषयांची यादी बंद व्हायची होती आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. गयास मास्तर आणि गृहशास्त्राच्या द्वारकाबाई यादी जुळवत बसले होते.

तात्यासाहेबांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाळ, तू बीजगणित-भूमिती लिहिलं आहेस. मुलींना ते घेता येत नाही. नियम आहे."

 मनकर्णाचा अंगठा फ्रॉकच्या शिवणीवर घट्ट दाबलेला मला दिसत होता.

"साहेब, जरा बोलू का?" फकिरा म्हणाला. "आमी शेत मोजताना साखळीचं तीन, चार अन् पाच भाग धरून काटकोन काढतो. वीस वर्सं झाली, रोज काढतो. ही पोरगी मला इचारती, बाबा, तीन-चार-पाचच का? मला काय ठावं? ओव्हरशीअरला इचारलं तर त्यो म्हनला, ते नववीच्या भूमितीत हाय. तवापासून हिनं ध्यास घेतलाय. म्हनती, साखळी तुमी वढा, मी ओव्हरशीअर व्हते."

द्वारकाबाई हसल्या. तात्यासाहेबही थोडे हसले, पण त्यांनी मान हलवली. "फकिरा, माझ्या हातात असतं तर दिलं असतं. नियमाला मी काय करू?"

"व्हय साहेब. पर त्यो नियम कोन्या कागदावर हाय? मला वाचता येत नाय, पोरगी वाचंल."

फकिराच्या बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. तात्यासाहेबांनी गयास मास्तरांना नियमांचे पुस्तक काढायला सांगितले. मास्तरांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत चाळले.

"इसमें तो नाही, तात्यासाहेब," ते हळूच म्हणाले. "असं कुठंच लिहिलेलं नाही."

"नाही कसं? इतकी वर्षं आपण मुलींना..." बोलता बोलता तात्यासाहेबांची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. मित्रांनो, तेव्हा मला कळले. नियम पुस्तकात नव्हता. तो नियम म्हणजे मी होतो. ज्या पाट्यांचा मला एवढा अभिमान होता, त्यांनीच कितीतरी मुलींची वाट अडवली होती. मला फार लाज वाटली.

"बरं, नियम नाही," तात्यासाहेब म्हणाले. "मग सहाव्या तासाला हिला मुलांच्या वर्गात बसवू. गृहशास्त्र सोडावं लागेल."

"माझी ना नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या देवगाव रंगारीच्या, जे असेल ते तोंडावर बोलणाऱ्या. "पण ही गेली की माझ्याकडं अकराच पोरी उरतात. बारा नसल्या तर वर्ग बंद करतेत. मग त्या अकरा जणींनी कुठं जायचं?"

हे खरे होते.  फकिराने टोपी काढून हातात घेतली. आता नमस्कार करून जायचे, एवढेच उरले होते. पण तो जागचा हलला नाही.

"साहेब, मोजताना मधी झाड आलं तर आमी झाड तोडत नाय अन् मोजनीबी सोडत नाय. बाजूला सरकून झाड वलांडतो, अन् पुन्ना आपल्या रेघंवर येतो. तसं काई जमत असंल तर बघा."

तेवढ्यात मनकर्णाने पहिल्यांदाच तोंड उघडले. आल्यापासून ती माझ्याकडेच बघत होती. "सर, मुलांच्या दोन पाट्या बदलल्या तर? सुतारकाम सहाव्या तासाला अन् बीजगणित दुसऱ्या तासाला. दुसऱ्या तासाला आम्हाला नुसतं वाचनच असतं. मग गृहशास्त्र पण राहतंय अन् बीजगणित पण."

 गयास मास्तर आपल्या बुटांकडे बघू लागले.

"एवढं सोपं असतं तर मास्तरांनी आधीच केलं असतं," तात्यासाहेब म्हणाले. "काय हो मास्तर, यात अडचण काय आहे?"

मास्तर यादीतली नावे पुन्हा मोजू लागले. तात्यासाहेब त्यांच्याकडे बघत होते, मनकर्णा तात्यासाहेबांकडे बघत होती, आणि घड्याळ पुढे सरकत होते. मी चौदा वर्षे तात्यासाहेबांचे घोरणे ऐकले होते, पण मला बोलता येत नव्हते. शेवटी द्वारकाबाईंनीच पदर सावरला.

"अडचण मी सांगते, तात्यासाहेब. सहाव्या तासाला मागं ठोकाठोक झाली की तुमची झोप मोडती."

तात्यासाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "मी असं कधी म्हणालो?"

"एकदाच म्हणाले होते आप, पहिल्या साली," गयास मास्तर म्हणाले. "मी लगेच पाट्या बदलल्या. पुन्हा विचारायची हिंमत नाही झाली. मुली अडतात हे मला दिसत होतं. गलती मेरी है."

तात्यासाहेबांनी हैदर मिस्त्रींना बोलावून घेतले. अंगावरचा भुसा झटकत ते दारात उभे राहिले. सहावा तास चालेल का, असे विचारल्यावर म्हणाले, "मेरेकू क्या, साहब. दुसरा क्या और सहावा क्या, रंधा तो वहीच है." मग काय झाले आहे ते द्वारकाबाईंनी त्यांना दोन वाक्यांत सांगितले. मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले.

"हमारी जहांआराकू भी येच नियम बोले थे, साहब," ते म्हणाले. "छे साल हुए. हिसाब में लई तेज थी. मैंच समझाया उसकू, बेटी, नियम है तो क्या करना."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते ऐकवेना. ज्या माणसाने मला घडवले, त्याच्याच मुलीची वाट मी अडवली होती, आणि त्यालाच दुसऱ्या तासाला शेडमध्ये ठोकत ठेवून.

तात्यासाहेब खुर्चीवरून उठले. माझ्यापाशी आले आणि स्वतःच्या हाताने सहाव्या तासाची पाटी ओढली. ती निघेना. चौदा वर्षांच्या गंजाने पाटीची कडी खिळ्याला धरून बसली होती. मिस्त्रींनी पक्कड आणली. कडी निघताना माझ्या अंगात कळ गेली, पण इतकी हवीशी कळ मला आयुष्यात दुसरी माहीत नाही. बीजगणित-भूमिती दुसऱ्या तासाला गेले, सुतारकाम सहाव्याला आले. मग तात्यासाहेबांनी मनकर्णाच्या अर्जावर सही केली. सव्वाचार वाजले होते.

"तात्यासाहेब, आपकी नींद?" गयास मास्तरांनी भीत भीत विचारले.

"घरी झोपेन," तात्यासाहेब म्हणाले.

मनकर्णाने अर्ज दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि मोठा श्वास सोडला. फकिराने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. त्या बापलेकीचा जीव भांड्यात पडला आणि माझाही पडला. गयास मास्तर तर त्या संध्याकाळी माझ्यावरची धूळ पुसताना चक्क गुणगुणत होते. त्यांच्या मनावरचे चौदा वर्षांचे ओझे उतरले होते.

दुसऱ्या दिवशी सहाव्या तासाला मागे हातोडे सुरू झाले. तात्यासाहेबांचे डोळे दोनदा मिटले आणि दोनदा उघडले. तिसऱ्यांदा त्यांनी तोंडावर पाणी मारले आणि वर्गावर्गांतून फेरी मारायला निघाले. त्यामुळे बऱ्याच शिक्षकांची पंचाईत झाली, कारण त्या तासाला डुलकी घेणारे ते एकटेच नव्हते.

त्याच संध्याकाळी हैदर मिस्त्री आपली धाकटी मुलगी आबेदा हिला घेऊन आले. तीही नववीत गेली होती. बरोबर थोरली जहांआरा होती. तात्यासाहेब तिला बघून उठून उभे राहिले. हेडमास्तर एखाद्या मुलीसाठी उठून उभे राहिलेले मी तोवर पाहिले नव्हते.

"यादी काल बंद झाली, पण आबेदासाठी मी ती उघडतो," ते म्हणाले. मग जहांआराकडे वळून म्हणाले, "तुझ्या वेळी माझं चुकलं, बेटी."

जहांआराने माझ्यावरची दुसऱ्या तासाची पाटी वाचली. "मला चूक वाटलीच नाही, सर," ती म्हणाली. "मला वाटलं, नियमच आहे." आणि तिने आबेदाचा अर्ज पुढे ठेवला. बीजगणित-भूमिती हे शब्द तिने घरूनच लिहून आणले होते, ठळक अक्षरांत. "आता ही वर्गात शिकेल आणि रात्री मला शिकवील. आमचं ठरलंय." हे सांगताना ती हसली आणि मिस्त्रींनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मित्रांनो, आता मी सामानाच्या खोलीत आहे. वेळापत्रक संगणकावर तयार होते आणि कागदावर छापून लावतात. मला पुन्हा भिंतीवर लावा, पॉलिश करा, असे माझे म्हणणे नाही. माझे दिवस कामात गेले आणि शेवटी एक चूक दुरुस्त झालेली पाहायला मिळाली, यात मी समाधानी आहे. मागणे एवढेच, की तुमच्या शाळेत जे काही टांगलेले असेल ते वर्षातून एकदा सगळे खाली काढा, मागची जागा पुसा, गंज बघा, आणि मग विचार करून पुन्हा लावा. मनकर्णा येण्याच्या सहा वर्षे आधी कोणी माझी तेवढी काळजी घेतली असती, तर जहांआराने ते शब्द स्वतःच्या अर्जावर लिहिले असते.