फलाट क्रमांक दोन

सलग आठव्या दिवशी निळा शर्ट कोरा करकरीत निघाला, तेव्हा ड्रायव्हरीणबाईंचा हात बादलीतच थांबला. रेल्वेच्या वसाहतीत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. अठ्ठावीस वर्षं त्या इंजिन ड्रायव्हर नवऱ्याचे कपडे धूत होत्या. कॉलर काळी, बाह्यांना तेल. साबणाची अर्धी वडी त्यातच जायची. आणि आता हा शर्ट, जणू कारकुनाचा. नवरा मात्र रोजच्यासारखी पत्र्याची पेटी उचलून ड्युटीवर जात होता. विचारावं तर "हं"च्या पलीकडे उत्तर नाही.

त्या दुपारी त्यांची धाकटी बहीण परत गावी निघाली. तिला गाडीत बसवून, खिडकीतून पाण्याची बाटली देऊन त्या मागे वळल्या, तोच वरच्या भोंग्यातून कुणीतरी घसा खाकरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर येणारी... नाही, दोनवर. फलाट क्रमांक दोनवर येणारी गाडी चाळीस मिनिटं उशिरा येत आहे."

"याला कुणी बसवलं माईकवर?" बाकावरचा एकजण म्हणाला, आणि शेजारचे हसले.

तो आवाज ड्रायव्हरीणबाईंनी हजारात ओळखला असता. चौकशीच्या खिडकीशेजारी काचेची खोली होती. खांबाआडून त्यांनी डोकावून पाहिलं. खुर्ची असूनही नवरा माईकसमोर उभा होता, साहेबापुढे उभं राहावं तसा ताठ. कागद हातभर लांब धरलेला, कपाळावर घाम. त्यांना भरून आलं. आत न जाता त्या घरी परतल्या.

संध्याकाळी ड्रायव्हर हातपाय धुऊन जेवायला बसले.

"आज गाडी कशी होती?" ड्रायव्हरीणबाईंनी विचारलं.

"वेळेवर."

"चाळीस मिनिटं उशीर होता ना?"

ड्रायव्हरांचा घास हातातच राहिला.

"डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो," ते ताटाकडे बघत म्हणाले. "लांबचा सिग्नल लाल की पिवळा, कळत नाही. इंजिनावरून उतरवलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सगळी वसाहत तुला ड्रायव्हरीणबाई म्हणते. म्हटलं, माझ्यापायी तुझंही नाव जाईल."

ड्रायव्हरीणबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. "अहो, नावाचं काय घेऊन बसलात? तुम्ही गाडीवर गेलात की माझा अर्धा जीव रुळांवर असायचा. इतक्या वर्षांत कधी बोलले का मी?"

"नाही."

"मग आपण दोघं सारखेच."

त्यांनी ड्रायव्हरांच्या ताटात भाकरी वाढली.

"लोक हसतात," ड्रायव्हर हळूच म्हणाले.

"हसतात खरे. तुम्ही धडाधड वाचता, म्हणून अडखळता. उद्याचा कागद आणलाय?"

जेवण झाल्यावर पेटीतून कागद निघाला. ड्रायव्हरीणबाई भाजी निवडत समोर बसल्या. "माईकला सांगू नका, मला सांगा. समजा माझ्या कडेवर पोर आहे, हातात दोन पिशव्या आहेत आणि गाडी कुठे लागते ते मला ठाऊक नाही."

ड्रायव्हरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा फलाटाचा आकडा सांगून ते थांबले, आणि बायकोने मान हलवल्यावरच पुढे गेले.

महिन्याभरात त्यांच्या बोलण्याला ठेहराव आला. फलाटाचा आकडा ते दोनदा सांगत. वर "घाई करू नका, गाडी पाच मिनिटं थांबणार आहे" असं पदरचं जोडत. कागदावर नसलेलं ते वाक्य ऐकून स्टेशनमास्तरांनी आधी भुवया चढवल्या. पण फलाटावरची पळापळ कमी झाली, तसे ते काही बोलले नाहीत.

एके दुपारी ड्रायव्हरीणबाई डबा घेऊन काचेच्या खोलीत आल्या. नवऱ्याने त्यांना खुर्ची दिली. समोर गाडी आत येत होती.

"ब्रेक जरा आधीच लावला याने," ते म्हणाले.

"तुम्ही कधी लावला असता?"

"मीही आत्ताच. कडेला बायकापोरं उभी आहेत, बघ."

आणि त्यांनी माईक जवळ ओढला.