भट्टीवरची शिडी

कोळशाच्या भट्टीला वरून भोक पडलं आणि त्यातून जाळ डोकावला, तशी चिंधी हातातलं काम टाकून उठली. वर माती टाकून भोक आत्ताच्या आत्ता बुजवलं नाही तर आतल्या लाकडांची राख होणार. आणि चढावं, तर वरची माती कुठं पोकळ झालीय ते चढणाऱ्याला कळत नाही. तिचा दीर कमळ्या गेल्या साली असाच चढला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. आता तो झोपडीपुढं बसूनच असतो.

आणीबाणीच्या आदल्या सालची गोष्ट. खालापूरच्या रानात ती भट्टी चिंधी आणि तिचा नवरा वाघ्या राखत होते. वाघ्यानं मातीची पाटी उचलली.

"थांब रं!"

"थांबून? मागं राख झाली तवा मुकादमानं पाठ फोडली माजी. इसरलीस?"

"पाठ भरून आली. कमळ्याचा पाय आला का?"

वाघ्या पाटी धरून जागीच थबकला. भट्टी आतून कुरकुरली. चिंधीला एकदम आठवलं. गावात घरं शाकारताना माणसं कुजक्या गवतावर पाय देत नाहीत. शिडी आडवी टाकतात, तिच्यावर पालथी पडतात. शाकारणीच्या मजुरीला गेली की ती दरसाल बघायची. तिनं पळत जाऊन मध काढायची शिडी ओढत आणली आणि भट्टीवर आडवी टाकली.

"हिच्यावर पालथा पड."

"आन् शिडी पेटली तर?"

"वढीन मी तुला."

वाघ्या खोकत, पाटी पुढं ढकलत, पोटावर सरकत वर गेला. शिडी करकरली. चिंधीनं त्याचे घोटे घट्ट धरले.

तेवढ्यात शिळफाट्याच्या वखारीचा मुकादम काठी घेऊन आला.

"भट्टीवर झोपतोस व्हय रं? ऊठ! पायानं तुडव माती!"

मुकादमाचा आवाज आला की वाघ्या आजवर ताडकन उभा राहायचा. आताही त्यानं गुडघा टेकला. चिंधीनं घोटे आणखी आवळले. वाघ्यानं पुढची माती चाचपली, हात झटकन मागं घेतला आणि परत पालथा पडला.

"नाय उठत."

"काय म्हनलास?"

"मग तुमीच तुडवून दावा ना, मुकादम," चिंधी बोलून गेली, आणि तिची तिलाच भीती वाटली.

मुकादमानं उतारावर एक पाय टेकवला. मातीतून फुस्सकन धूर आला. त्यानं पाय काढून घेतला.

"आटपा लवकर," म्हणत तो वाटेला लागला.

वाघ्यानं पाटी ओतली. भोक बुजलं.

"उतर आता."

"घोटं सोडू नको गं," वाघ्या म्हणाला. "भ्यानं पाय हालत नाय."