ऑसिलोस्कोपचं झाकण

सुप्याच्या एका बंद कारखान्याच्या भंगारातून शामकांत आणि सुहासनं भागीत जुना ऑसिलोस्कोप घेतला. विजेची चाल पडद्यावर रेघेनं दाखवणारं ते यंत्र. "चालतंय का न्हाई ते म्हाईत न्हाई साहेब, पन जड लई हाय," एवढीच हमी भंगारवाल्या पुंजारामनं दिली. ती खरी निघाली. सावेडीत शामकांतच्या घरी ते वर चढवताना दोघा निवृत्त मास्तरांच्या कंबरा धरल्या.

वाद जिन्यातच सुरू झाला. आत वीज साठवणारे कॅपॅसिटर, बोटभर डबे, यंत्राइतकेच म्हातारे. सुहासचं म्हणणं, ते आतून वाळलेत. न बदलता बटण दाबलं तर एखादा फुटेल आणि बाकीच्यांना घेऊन जाईल. शामकांतचं म्हणणं, बिघाड दिसल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, आधी लावून बघू. शेवटी ठरलं, एकमत होईपर्यंत कुणी बटण दाबायचं नाही, कुणी झाकण उघडायचं नाही. यंत्र एक आठवडा याच्याकडे, एक त्याच्याकडे.

पॉलिटेक्निकच्या एकाच प्रयोगशाळेत दोघांनी उभी नोकरी काढली, पण "शाम, तुझं बरोबर" असं सुहासनं एकदाही म्हटलं नव्हतं. शामकांतला पेन्शन मिळाली, नातू झाला. हे वाक्य तेवढं राहून गेलं होतं.

सुहासकडून यंत्र परत आलं त्याच दुपारी बायको, सुनीती, भाजी आणायला गेली आणि शामकांतनं शब्द मोडला. बटण दाबलं. हिरवी रेघ उमटली, सरळ, जराही न थरथरता. तो बसल्या जागी नाचला. मग ज्यांनी आपली लाज राखली त्या म्हाताऱ्या कॅपॅसिटरना एकदा डोळे भरून पाहावं म्हणून त्यानं झाकणही काढलं.

आत सगळे कोरे करकरीत, निळे. सोल्डरिंग सुहासच्या हातचं, ते तो झोपेतही ओळखला असता. शामकांतचं डोकं सणकलं. पण जाब विचारायचा कोणत्या तोंडानं? त्यानं गुपचूप स्क्रू आवळले.

संध्याकाळी सुहास आला. "तुझंच ऐकतो," शामकांत स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन म्हणाला. "सगळे बदलू. उघडतो झाकण."

सुहासचा चेहरा उतरला. "नको, नको. मी विचार केला. चांगली वस्तू उगाच कशाला खोलायची? शाम, तुझं बरोबर."

शामकांतचा हात थांबला. वाक्य शंभर टक्के खोटं होतं, पण होतं तेच. त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"सुहास, जरा मोठ्यानं म्हण," तो म्हणाला. "सुनीती स्वयंपाकघरात आहे."