जॅमची शेवटची बरणी

शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे ‘चिमटा’ म्हणत. कुणी सहज काही बोललं की ते वाक्य ती अलगद उचलायची आणि कार्डावर उतरवायची. कचेरीचा नियमच तसा होता. इंग्रजी शब्दाच्या प्रत्येक अर्थाखाली जिवंत माणसाच्या तोंडचं मराठी वाक्य हवं, टेबलाशी बसून रचलेलं चालायचं नाही.

सध्या ‘प्रिझर्व्ह’ हा शब्द चालू होता. रान राखणं, जुनी इमारत टिकवणं, तब्येत जपणं, सगळ्यांना वाक्यं मिळाली. उरला साखरेत शिजवून टिकवलेल्या फळाचा अर्थ. तिथे मात्र चिमट्यानं आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली. ‘आईने मुलाच्या हातचा जॅम वर्षभर जपून ठेवला,’ असं लिहून ती मोकळी झाली.

संपादकांनी कार्ड परत पाठवलं नाही, स्वतः घेऊन आले.

“बाई, हे कोण बोललं?”

“आमच्या घरी...”

“घरी असं पुस्तकी बोलता? खरं वाक्य आणा.”

म्हातारा मोठा तिखट कानाचा. वाक्य रचलेलंच होतं, कारण त्या बरणीबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

नवरा अचानक गेला, त्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं संत्र्यांचा जॅम केला होता. उरलेली एक बरणी सासूबाईंनी कपाटात ठेवली, आणि तेव्हापासून त्याचं नाव घेणंच सोडलं. घरात दोघीच. भाजीवर बोलायच्या, नळाच्या पाण्यावर बोलायच्या, त्याच्यावर कधीच नाही. असंच चाललं तर तो या घरातून पुरता पुसला जाईल, अशी चिमट्याला धास्ती वाटायची. त्यात बरणीतला जॅम काळपट दिसत होता.

त्या संध्याकाळी तिनं धीर केला. “आई, जॅम उघडूया का?”

“हात लावू नकोस त्याला.”

“खराब होईल हो.”

“होऊ दे. उघडला की संपला. मग माझ्याकडे काय राहिलं?”

चिमट्यानं माघार घेतली नाही. “मलाही तो हवाय, आई. नुसता कपाटात बघायला नकोय.”

सासूबाई मग स्वतःच उठल्या आणि बरणी काढून आणली. झाकण काही केल्या हलेना. शेवटी एकीनं बरणी पोटाशी धरली, दुसरीनं फडकं लावून पिळलं, तेव्हा कुठे ते सुटलं.

सासूबाईंनी वास घेतला, चमचाभर जिभेवर ठेवला, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

“करपवलाय गाढवानं! शंभरदा सांगितलं होतं, ढवळताना फोनवर बोलू नकोस म्हणून. ऐकेल तर शपथ!”

म्हणजे काळपटपणा पहिल्यापासूनचाच होता. चिमट्याला हसू आवरेना.

“माझ्याशीच बोलत होता हो,” ती म्हणाली.

“तरीच!” सासूबाईही हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मग त्याच्या लहानपणीच्या खोड्या निघाल्या, एकातून दुसरी. दोघी आळीपाळीनं तो कडवट जॅम खात होत्या. पर्समधलं कोरं कार्ड काढायचं चिमट्याला सुचलंच नाही.

जेवायची वेळ झाली तशी ती बरणी आवरायला लागली.

“झाकण फार घट्ट लावू नकोस गं,” सासूबाई म्हणाल्या. “सकाळी लागेल.”