काचेवरचा किडा

म्हाताऱ्या प्रशिक्षकाला सगळे विद्यार्थी पाठीमागे घुबडमास्तर म्हणत. विमानात बसला की त्याची मान सतत फिरत असे. त्याचा एक नियम होता : उड्डाणाआधी पुढची काच विद्यार्थ्याने स्वतः पुसायची.

"सर, मी विमान शिकायला आलेय की धुणंभांडी?" शिंपिणीच्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"दोन्ही जमलं तर बरंच आहे, पोरी."

आज तिचं एकटीचं पहिलं उड्डाण ठरलं होतं. मात्र आधी मास्तरला सोबत घेऊन एक फेरी मारायची होती. त्यात तो राजी झाला तरच पुढचं. आईने दुकान बंद ठेवलं होतं आणि सकाळपासून कुंपणाबाहेर उभी होती. घाईघाईत मुलीने काचेवरून फडकं फिरवलं न फिरवलं केलं.

वर हवा स्वच्छ होती. समोरच्या पडद्यावर आसपासची विमानं ठिपक्यांनी दिसत. पडदा कोरा होता, म्हणून ती निर्धास्त होती. काचेच्या उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका होता. बराच वेळ तो जागचा हलला नाही.

"ते काय?" मास्तरने विचारलं.

"किडा, सर. पुसायचा राहिला."

"जरा डोकं हलव."

तिने डोकं डावीकडे नेलं. काचेवरचा डाग असता तर दूरच्या टेकडीवरून सरकला असता. हा टेकडीलाच चिकटून राहिला. आणि आता त्याला पंख फुटले होते.

उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, हे तिला पाठ होतं. त्याच्या मागून निघण्यासाठी तिने विमान उजवीकडे वळवलं. एक जुनं पांढरं विमान समोरून डावीकडे निघून गेलं. पडदा अजूनही कोराच होता.

"पडद्यावर ठिपका उमटवणारं खुणेचं यंत्र त्याच्याकडे नाही," मास्तर म्हणाला. "आणि जे आपल्यावर येतं ते हलत नाही, पोरी. नुसतं मोठं होतं."

उतरल्यावर त्याने तिच्या वहीत एकटीने उडायच्या परवानगीची सही केली नाही. "वळलीस झकास. पण विचारावं मला लागलं. उद्या बघू."

कुंपणापाशी आईने विचारलं, "झालं का गं?"

"नाही. काच नीट पुसली नव्हती."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

आईने पिशवीतून मऊ सुती कापडाचा तुकडा काढून दिला.

दुसऱ्या दिवशी मुलीने काच आतून-बाहेरून, कोपरे धरून पुसली. वर गेल्यावर पडद्याकडे ओझरतं बघून ती बाहेरच बघत राहिली. "डावीकडे, खाली, एक," ती आपणहून म्हणाली. थोड्या वेळाने, "उजवीकडे घार."

खाली आल्यावर मास्तरने सही केली, पट्टा सोडला, उतरला आणि कुंपणापाशी तिच्या आईशेजारी जाऊन उभा राहिला.