घरची बाटली

लघवीच्या बाटल्या तपासण्यात आत्याची अठरा वर्षं गेली. लॅबमध्ये एक रीत होती. कुणी घालून दिलेली नव्हती, पण सगळ्याजणी पाळायच्या: घरच्या माणसाची बाटली आली की ती शेवटी. आधी आपल्यांची वर्णी लावली तर लोक तोंडात शेण घालतात, दुसरं काय!

सोमवारी सकाळी आठला भाचीची, ठकीची बाटली आली. लघवी काळ्या चहासारखी होतेय, उठल्यावर पोरीचे डोळे सुजलेले असतात, असा वहिनीचा निरोप होता. आत्याने बाटली खिडकीत ठेवली आणि परक्यांच्या सत्तर बाटल्यांना जुंपली. ठकीचा नंबर लागला तेव्हा तीन वाजून गेले होते. भिंगाखाली फुटक्या रक्तपेशींचा चोथा तेवढा दिसला. डोळे इतके शिणले होते की बाटली किती तास पडून आहे, हे तिने पाहिलंच नाही. मूत्रपिंडाच्या दुखण्याची खूण म्हणजे साचे; 'साचे नाहीत' असं लिहून ती मोकळी झाली. डॉक्टरांनी साधं इन्फेक्शन समजून गोळ्या दिल्या.

गुरुवारी वहिनी पोरीला घेऊन लॅबमध्येच आली. ठकीचा चेहरा फुगलेला, मोज्यांचे काठ पायांत रुतलेले. कालपासून लघवी पेलाभरही नव्हती. मध्यंतरी घसा धरला होता का, असं आत्याने विचारलं. धरला होता, पंधरा दिवसांमागे, तापही होता; पण बरा झाला म्हणून कुणी बोललं नाही.

घसा बरा होतो आणि मागाहून मूत्रपिंडं सुजतात, हे तिला का ठाऊक नव्हतं? सुजलेल्या मूत्रपिंडाच्या नळ्यांत रक्तपेशी थिजून लांबट साचे बनतात, आणि बाटली ताटकळली की ते विरून जातात. नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच तर ती शिकवायची.

सगळ्या बाटल्या बाजूला सारून तिने ताजी लघवी भिंगाखाली धरली. साचे होते. एक नाही, दोन नाही, जिकडे पाहावं तिकडे. तिने डॉक्टरांना फोन करून सांगितलं, सोमवारचा रिपोर्ट चुकला, चूक माझी. ही मूत्रपिंडाची सूज दिसतेय, ताबडतोब दाखल करा, डॉक्टर म्हणाले. पोरं बहुतेक सावरतात, पण तीन दिवस हातचे गेले.

वहिनीने ठकीला कडेवर घेतलं.

"तपासणी तुमच्या हातात होती ताई, म्हणून मी निर्धास्त होते."

"घरची बाटली होती," आत्या म्हणाली, "म्हणूनच शेवटी ठेवली."